इलेक्ट्रिक पिकअपच्या हौद्यात सरकते खण: काढता-घालता येणारी बांधणी

अमेरिकेतील रिव्हियन कंपनीच्या आर१टी या इलेक्ट्रिक पिकअपमध्ये केबिन आणि हौदा यांच्या मधोमध एक आडवा बोगदा आहे. त्या बोगद्यातून दोन इंडक्शन शेगड्यांचे अख्खे स्वयंपाकघर बाहेर सरकते, हे कंपनीने २०१९ साली दाखवले. पुढे २०२२ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड एफ-१५० लाइटनिंगने वाहनावरील सॉकेटमधून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज देण्याची सोय केली. ही दोन्ही वाहने आपल्याकडे अधिकृतपणे विकली जात नाहीत. आपल्याकडे मिळतात ती टाटा एस ईव्हीसारखी लहान मालवाहू वाहने. त्यांत असा बोगदा नसतो आणि बाहेर वीज देणारे सॉकेटही सहसा नसते. त्यामुळे परदेशी नमुन्याची हुबेहूब नक्कल करण्यात अर्थ नाही.

दुसरे असे की मराठवाड्यातील पिकअप हे हौसेचे वाहन नाही. आठवडाभर त्यातून सोयाबीनची पोती लातूरच्या आडतीवर जातात, जालन्याकडची मोसंबी जाते, दुधाचे कॅन जातात. सहकुटुंब मुक्कामाला निघायचे ते सुट्टीच्या दोन दिवसांत. म्हणून या लेखात सांगितलेली संपूर्ण बांधणी, म्हणजे मुक्कामाचे सामान आणि स्वयंपाक यांसाठी हौद्यात बसवायची दोन सरकत्या खणांची चौकट, एका अटीवर उभी आहे: खणांची चौकट दोन माणसांना, साध्या पान्यांनी, अर्ध्या तासात हौद्याबाहेर काढता आली पाहिजे. पुढील जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका अटीतून निघतो.

वजनाचा हिशेब आधी

कागदावर चौकटीचे चित्र काढण्यापूर्वी नोंदणी पुस्तिकेतील दोन आकडे पाहावेत: रिकाम्या वाहनाचे वजन आणि मालासह कमाल वजन. या दोहोंतील फरकातून प्रवाशांचे वजन वजा केल्यावर जे उरते तेवढेच सामानाला मिळते, आणि खणांची चौकट हेही सामानच असते. २५ × २५ मिमी आकाराचा, २ मिमी जाडीचा चौकोनी लोखंडी पाईप मीटरला सुमारे १.४ किलो भरतो. दोन खणांच्या चौकटीला वीस मीटरच्या आसपास पाईप लागतो, म्हणजे २८ किलो. आठ बाय चारचा १२ मिमी प्लायचा पत्रा २५ किलोच्या आसपास असतो. त्यात खणांच्या पेट्या, रुळांच्या पट्ट्या आणि बोल्ट मिळवले की रिकामी बांधणीच शंभर किलोला टेकते. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश असल्याने ते मोहक वाटते. परंतु गावोगावच्या वेल्डरकडे त्याचे वेल्डिंग चांगले होईलच असे नाही, आणि वाटेत एखादा सांधा तुटला तर लोखंड कुठेही जोडून मिळते. माझ्या मते चौकट लोखंडाची आणि खणांच्या पेट्या हलक्या प्लायच्या, ही विभागणी योग्य आहे.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे अधिक महत्त्वाचे आहे. मागील चाकांच्या आसाच्याही मागे ठेवलेले ओझे पुढील चाकांवरील भार कमी करते, आणि सुकाणू हलके लागते. पाण्याचा वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो. तो आणि वेगळी बॅटरी केबिनला लागून ठेवावी, तर अंथरुणे, कपडे आणि तंबू फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागील उघडणाऱ्या झडपेच्या, बाजूला. टपावरील तंबूचा मोह या वाहनांसाठी टाळावा, कारण महामार्गाच्या वेगाला वाऱ्याचा विरोध बॅटरी जितक्या झपाट्याने रिकामी करतो तितके हौद्यातील वीस-तीस किलो वजन करत नाही.

हौद्याला भोक पाडू नये

डिझेलच्या पिकअपला खण बसवताना मिस्त्री सरळ हौद्याच्या तळाला ड्रिल मारून बोल्ट ठोकतो. इलेक्ट्रिक वाहनात हे करू नये. तळाच्या खाली बॅटरीचे आवरण, थंडाव्याच्या नळ्या किंवा नारिंगी आवरणाच्या उच्च विद्युतदाबाच्या तारा असू शकतात, आणि त्यांतील एकीलाही ड्रिलचे टोक लागणे हा प्राणाशी खेळ आहे. चौकट वाहनात ठेवून वेल्डिंगही करू नये. वेल्डिंगचा प्रवाह वाहनाच्या इलेक्ट्रॉनिक भागांतून वाट काढू शकतो, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या काच, रंग व तारांचे नुकसान करतात. माप हौद्यात घ्यावे, काम कारखान्यात करावे, आणि तयार चौकट उचलून आणून बसवावी.

चौकट धरून ठेवण्यासाठी माल बांधायच्या मूळ कड्या पुरतात. चार कोपऱ्यांवर चार टर्नबकल (फिरवून ताण देता येणारे आकडे) लावून चौकट खाली खेचावी. रॅचेट बेल्टही चालतो, परंतु पट्टा उन्हात आणि हादऱ्यांत सैल पडतो, म्हणून तो दुय्यम आधार म्हणून ठेवावा. चौकटीखाली जाड रबर घालावे, म्हणजे ती सरकत नाही आणि रंगही खरवडत नाही. गोठ्यात अंथरायची रबरी मॅट कापून वापरता येते, मात्र ती बरीच जड असल्याने केवळ पायांखालच्या पट्ट्या कापाव्यात.

या पद्धतीचा कायदेशीर फायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. कड्यांना बांधलेली, केव्हाही काढता येणारी चौकट आणि वाहनाच्या सांगाड्याला जोडलेली कायमची बांधणी यांत मोठा फरक आहे. तरीही विमा कंपनीला लेखी कळवून ठेवणे शहाणपणाचे आहे. धावत्या वाहनाच्या हौद्यात माणसे बसवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

चौकट आणि रूळ

मापे घेताना हौद्याची लांबी-रुंदी तीन ठिकाणी मोजावी, कारण बाजूचे पत्रे क्वचितच समांतर असतात. चाकांवरील फुगवटे असतील तर त्यांचे माप पुठ्ठा कापून उतरवावे. प्रत्येक बाजूला किमान दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. वेल्डरला आधी फक्त टाके मारायला (ठिकठिकाणी थेंबभर वेल्डिंग करायला) सांगावेत, मग दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. दोहोंत दोन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असेल तर तेव्हाच ठोकून सरळ करावे. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर ओढलेली चौकट सरळ होत नाही, आणि तिरक्या चौकटीत खण अडकतात. पूर्ण वेल्डिंग करतानाही एका बाजूने सलग न करता समोरासमोरचे सांधे आलटून-पालटून घ्यावेत.

रुळांसाठी तयार मिळणारे टेलिस्कोपिक चॅनेल घ्यावेत की बेअरिंगवर चालणारे रूळ बनवून घ्यावेत, हा प्रश्न येथील धुळीच्या संदर्भात सोडवावा लागतो. तयार चॅनेलमध्ये लहान गोळ्या ग्रीसमध्ये फिरतात. काळ्या मातीची बारीक धूळ त्या ग्रीसमध्ये मिसळली की काही महिन्यांत चॅनेल करकरू लागतात. शिवाय त्यांवर छापलेली भारक्षमता ही जोडीची, उभ्या बाजूने बसवल्यावरची आणि समान पसरलेल्या ओझ्याची असते. तोच चॅनेल आडवा बसवला तर ती बरीच घटते, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. स्वयंपाकघरातील पंचेचाळीस किलोचे चॅनेल या कामाला वापरू नयेत.

म्हणून ६२०१ क्रमांकाचे, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेले बेअरिंग वापरावेत. त्याचे आतील छिद्र १२ मिमी आणि बाहेरील व्यास ३२ मिमी असतो. एम १२ चा बोल्ट त्यात नेमका बसतो आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी हे बेअरिंग मिळते. रूळ बनवताना मात्र एक चूक सर्रास होते. बाजारातील साध्या लोखंडी सी-चॅनेलच्या पाकळ्या (वरची आणि खालची आडवी कड) आतून उतरत्या असतात. त्यांवर बेअरिंग पूर्ण रुंदीने न टेकता एका कडेवर चालते आणि खण एका बाजूला ओढला जातो. त्याऐवजी ३ मिमी पत्रा बेंडिंग मशीनवर दुमडून, आतील उंची ३३ ते ३४ मिमी राहील असा समांतर पाकळ्यांचा रूळ करून घ्यावा. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत हे काम करून देणारे कारखाने आहेत.

रचना अशी असावी: चौकटीच्या फाळक्याकडील टोकाला प्रत्येक बाजूस एक स्थिर बेअरिंग, ज्यावर खण टेकून सरकेल; आणि खणाच्या मागच्या, म्हणजे केबिनकडील, टोकाला प्रत्येक बाजूस एक बेअरिंग, जे रुळाच्या वरच्या पाकळीखाली दाबून खणाला उलटण्यापासून थोपवेल. खण पूर्ण लांबी बाहेर काढण्याचा हट्ट धरू नये. तीन चतुर्थांश पुरे.

याचे कारण आकड्यांत पाहावे. १२०० मिमी लांबीचा, ८० किलो समान पसरलेल्या सामानाचा खण ९०० मिमी बाहेर काढला, तर त्याचा भारमध्य चौकटीच्या कडेपासून ३०० मिमी बाहेर जातो आणि उलथवणारा जोर २४ किलो-मीटर (किलो वजन गुणिले मीटर अंतर) होतो. आत उरलेल्या ३०० मिमीवर तो जोर झेलायचा असल्याने मागच्या दोन बेअरिंगवर मिळून ८० किलो, तर पुढच्या दोहोंवर १६० किलो भार येतो. इतके सहज पेलते. परंतु उघड्या खणाच्या टोकावर कोणीतरी बसतेच. मुले बसतील, नाहीतर चहाचा कप घेऊन काका बसतील. सत्तर किलोचा माणूस टोकावर बसला की जोर ६३ किलो-मीटरने वाढून ८७ होतो. मागच्या बेअरिंगवर मिळून २९० किलो आणि पुढच्यांवर ४४० किलो भार येतो, आणि हा नुसता स्थिर हिशेब झाला, धपकन बसल्याचा नव्हे. ६० किलोची चौकट स्वतःच्या वजनाने केवळ ३६ किलो-मीटर जोर परतवते, म्हणजे ती केबिनच्या बाजूने उचलली जाऊ पाहते. केबिनकडील दोन टर्नबकल नेमके यासाठी आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने किमान शंभर किलो ताण निर्धास्त पेलावा, आणि खणाच्या टोकाला जमिनीपर्यंत उतरणारा एक पाय बसवावा. दोन्ही खण एकाच वेळी पूर्ण बाहेर काढू नयेत.

कडी ही रुळाइतकीच महत्त्वाची आहे. म्हैसमाळच्या घाटात चढताना भरलेला खण फाळक्यावर रेलतो. केवळ फाळक्याच्या भरवशावर राहिल्यास त्याचे बिजागर वाकते. प्रत्येक खणाला बंद स्थितीत धरणाऱ्या दोन कड्या असाव्यात आणि उघड्या स्थितीत धरणारी एक खीळ असावी, अन्यथा उतारावर उभ्या गाडीत भाजी चिरताना खण आपोआप आत जातो आणि बोटे सापडतात.

रंगकामासाठी पावडर कोटिंग उत्तम, परंतु त्याच्या भट्टीत साधारण १८० ते २०० अंश तापमान असते, म्हणून बेअरिंग आणि रबर त्यानंतर बसवावे. खर्च कमी ठेवायचा तर रेड ऑक्साइड आणि वर दोन हात ऑइल पेंट चालतो. पाईपची उघडी टोके बंद करावीत आणि खालच्या पाईपना पाणी निथळण्यासाठी ६ मिमीची छिद्रे ठेवावीत. प्लाय आयएस ७१० प्रतीचा (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) घ्यावा आणि कापलेल्या कडांना रंग पाजावा. पाणी कडेतूनच शिरते. रुळांना ग्रीस लावू नये, कोरडा ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉनचा फवारा वापरावा. फाळक्याच्या फटींना रबर बिडिंग लावले तर धूळ बरीच अडते, पूर्ण अडत नाही.

स्वयंपाकाचा खण

एका खणात स्वयंपाक आणि दुसऱ्यात बाकी सामान, ही विभागणी सोपी आहे. स्वयंपाकाच्या खणाची वरची पातळी जमिनीपासून ८० ते ८५ सेंटिमीटर आली तर उभ्याने काम करता येते. भाकरी थापायची असेल तर परात टेकेल एवढी सपाट, न हलणारी जागा हवी. ती खणावर सरकणारी १८ मिमी प्लायची फळी ठेवून मिळते, आणि भाकरी थापताना खणाखालचा पाय उतरवलेलाच असावा.

इंडक्शन की गॅस, याचे उत्तर वाहनावर अवलंबून आहे. वाहनातून २३० व्होल्टची वीज बाहेर घेण्याची सोय नसेल तर इंडक्शनचा विचार सोडावा. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२८० वॅट-तास वीज असते. १२०० वॅटची शेगडी इन्व्हर्टरमधून चालवताना तिच्यातून शंभराहून अधिक अँपिअर ओढले जातात, आणि अशा बहुतेक बॅटऱ्यांचे संरक्षक सर्किट तिथेच वीज तोडते. शिवाय भाकरीचा खोलगट तवा इंडक्शनवर नीट बसतच नाही. गॅसच वापरायचा तर ५ किलोचा लहान सिलिंडर घ्यावा, तो उभा बांधावा, आणि त्याच्या कप्प्याला तळाशी झरोके ठेवावेत. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खाली साचतो. बॅटरी, फ्रीज आणि स्विच त्याच कप्प्यात ठेवू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीतील बंद पेटी त्याहून कितीतरी अधिक तापते. त्या दिवसांत सिलिंडर किंवा गॅसचे डबे बंद खणात ठेवून गाडी उन्हात सोडू नये.

वीज

वाहनाची १२ व्होल्टची मूळ बॅटरी लहान असते आणि तिच्यावरच मुख्य बॅटरीचे संपर्क जोडणारी यंत्रणा चालते. रात्रभर फ्रीज चालवून ती उतरली, तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. म्हणून मुक्कामासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची वेगळी बॅटरी ठेवावी. वाहनाच्या उच्च दाबाच्या यंत्रणेतून स्वतः तार काढण्याचा विचारही करू नये.

एका दिवसाची गरज मोजू. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला साधारण ६०० वॅट-तास घेतो, तीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर २४०, दिवे आणि मोबाइल मिळून १००. एकूण साडेनऊशेच्या आसपास. १२८० वॅट-तासांची बॅटरी एका रात्रीला निवांत पुरते. दुसऱ्या दिवसासाठी शंभर वॅटचे सौर पॅनेल सोबत घ्यावे. आपल्याकडील स्वच्छ उन्हात ते दिवसाला चारशे वॅट-तासांच्या घरात वीज देते, म्हणजे तूट कमी होते, भरून निघत नाही. ही बॅटरी ४५ अंशांवर तापलेली असताना चार्ज करू नये, म्हणून पॅनेल उन्हात आणि बॅटरी सावलीत, अशी तारेची लांबी ठेवावी.

तारेच्या जाडीत कंजुषी करू नये. पाच मीटरवरील फ्रीजला १.५ चौरस मिमीची तार जोडली, तर ८ अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच हरवतो आणि फ्रीज बॅटरी उतरली असे समजून बंद पडतो. ४ चौरस मिमीच्या तारेत हीच घट ०.४ व्होल्टच्या आत राहते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा.

गाडी चार्ज करायची केबल कोणत्याही खणाच्या तळाशी ठेवू नये. तिला सर्वांत वरची, सामान न उपसता हात पोहोचेल अशी जागा द्यावी. किनवट-माहूरकडे जाताना वाटेतील चार्जिंग केंद्रे ॲपवर आधी पाहून ठेवावीत, आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी १६ अँपिअरच्या सॉकेटवर रात्री चार्जिंग करायचे ठरले असेल तर तेथे अर्थिंग आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारावे. अर्थिंग नसेल तर बहुतेक चार्जर वीज घेतच नाहीत.

छत, खुंट्या आणि मुक्कामाची जागा

हौद्याच्या बाजूला लावायचे कापडी छत विकत घेताना त्याच्या खुंट्यांकडे कोणी पाहत नाही. गौताळ्याच्या परिसरात वीतभर मातीखाली काळा बेसॉल्ट लागतो आणि खुंटी वाकते. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा असतात आणि पावसात खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघून येते. चार रिकामे गोण सोबत ठेवावेत, जागेवर माती-दगड भरून त्यांना दोर बांधावेत आणि निघताना रिकामे करावेत. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आले की छत लगेच गुंडाळावे.

गौताळा-औट्रमघाट, नायगावचे मयूर अभयारण्य किंवा येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य येथे वन विभागाच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, आणि नळदुर्गासारख्या संरक्षित किल्ल्याच्या आत मुक्काम करू नये. खासगी शेतात मालकाच्या संमतीने उतरणे हा सर्वांत निर्वेध मार्ग आहे. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर जड गाडी रुतते, त्यामुळे जागा निवडताना मुरमाड पट्टा किंवा डांबरी रस्त्यालगतची कडा पाहावी. रात्री दोन्ही खण बंद ठेवावेत; उघड्या खणात विंचू शिरायला वेळ लागत नाही.

पहिल्या प्रवासापूर्वी

बांधणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक खणात धान्याची पोती भरून ठरलेल्या वजनाच्या दीडपट भार द्यावा, खण पूर्ण उघडून तासभर तसाच ठेवावा आणि चौकट वाकते का, सांधे तडकतात का, हे पाहावे. नंतर सर्व सामान, पाणी आणि माणसे यांसह गाडी बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडीचे, मग केवळ मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. मागील आसावरील भार वाहनाच्या पुस्तिकेतील मर्यादेपलीकडे जात असेल तर फाळक्याकडील सामान पुढे सरकवावे, आणि तरीही जमले नाही तर सामान कमी करावे. टायरमधील हवा त्या वजनाला अनुसरून भरावी. सर्व जागी नायलॉक नट (आतील नायलॉनच्या कड्यामुळे सहसा सैल न होणारे) वापरावेत, आणि प्रत्येक नट व बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. कच्च्या रस्त्याने पन्नास किलोमीटर गेल्यावर जी रेघ तुटलेली दिसेल तो नट सैल झालेला असतो, तेवढेच आवळावेत आणि टर्नबकलचा ताण त्याच वेळी पुन्हा तपासावा.